मदत हवी आहे: एच१२९९ पेशींत पी५३ टिकतच नाही. लेन्टीव्हायरस सोडून अ‍ॅडिनोव्हायरस घ्यावा का?

नमस्कार. पीएचडीचं तिसरं वर्ष चालू आहे, काम पी५३ वर, म्हणजे पेशींची बेलगाम वाढ रोखणाऱ्या प्रथिनावर. आठ महिने एकाच जागी अडकले आहे. आमच्या लॅबमध्ये विषाणूवाहक (पेशीत जनुक पोचवणारे विषाणू, जसे लेन्टीव्हायरस) याआधी कुणी वापरलेले नाहीत, त्यामुळे विचारायला जवळ कुणी नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

एच१२९९ ही फुफ्फुसाच्या कर्करोगाची सेल लाइन. तिच्यात पी५३ च्या जनुकाचा तुकडाच गळालेला आहे, त्यामुळे हे प्रथिन मुळीच बनत नाही. मला तिच्यात माणसाचं धडधाकट पी५३ परत घालायचं आहे आणि पेशींच्या सरकण्यावर, म्हणजे स्क्रॅच अ‍ॅसेमधला ओरखडा बुजण्यावर, काय फरक पडतो ते पाहायचं आहे. पुढे उंदरांत गाठ वाढवून पुन्हा तेच पाहायचं आहे. कोडिंग भाग जेमतेम ११८२ बेसचा, त्यामुळे लेन्टीव्हायरसच्या प्लास्मिडमध्ये (जनुक वाहणाऱ्या डीएनएच्या वर्तुळात) बसवताना त्रास झाला नाही. पी५३ सीएमव्ही प्रमोटरवर (प्रमोटर म्हणजे जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा) आणि त्याच्यामागे स्वतंत्र पीजीके प्रमोटरवर प्युरोमायसिन या पेशी मारणाऱ्या औषधाचा प्रतिकार, अशी रचना आहे. विषाणू २९३टी पेशींत बनवला.

इन्फेक्शननंतर ४८ तासांनी वेस्टर्नमध्ये (प्रथिन दाखवणाऱ्या चाचणीत) ५३ किलोडाल्टनच्या जागी इतका ठसठशीत बँड आला की त्या संध्याकाळी मी घरी फोन करून आईला सांगितलं. मग प्युरोमायसिन घातलं. रिकाम्या व्हेक्टरची (पी५३ नसलेल्या वाहकाची) डिश भरून गेली. पी५३ च्या डिशमध्ये मात्र चौथ्या दिवसापर्यंत बहुतेक पेशी सुटून तरंगायला लागल्या. दोन आठवड्यांनी मोजून सात कॉलन्या उरल्या. त्या वाढवल्या, वेस्टर्न केलं, तर सातही कोऱ्या. प्युरोमायसिनमध्ये मात्र व्यवस्थित वाढतात. तीनदा केलं, तिन्ही वेळा हेच झालं.

गाइडचं मत आहे की टायटर (विषाणूचं प्रमाण) कमी पडतोय, एमओआय (दर पेशीमागे विषाणू) वाढव. एक सीनिअर म्हणतो, लेन्टी सोड, अ‍ॅडिनो घे. दीड महिन्यावर समितीसमोर सादरीकरण आहे आणि या स्टेबल लाइनवर (पी५३ कायम बनवत राहणाऱ्या पेशींवर) प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण उभं आहे. माझं नेमकं काय चुकतंय?

प्रतिसाद १

टायटर कमी असता तर ४८ तासांचा तो बँड आलाच नसता. या सात कॉलन्यांच्या जिनोमिक डीएनएवर पीसीआर केलात का? एक प्रायमर व्हेक्टरमधला आणि एक पी५३ मधला, असा घ्या. आणि वेस्टर्नला अँटीबॉडी कोणती?

धागाकर्ती

पीसीआर गेल्याच आठवड्यात केला, प्रायमर दोन्ही बाजूंनी व्हेक्टरमधले. पाच कॉलन्यांत योग्य लांबीचा बँड, दोनमध्ये आखूड. अँटीबॉडी डीओ-१.

प्रतिसाद २

मग उत्तर तुमच्या हातातच आहे. तुमचं काहीही चुकलेलं नाही. पी५३ काम करतंय, म्हणूनच पेशी मरताहेत.

पी५३ आलं की पी२१ या प्रथिनाची पातळी वर जाते आणि पेशीचं विभाजन थांबतं; बॅक्स आणि प्युमा ही प्रथिनं वाढली की पेशी मरते. त्यात सीएमव्हीसारखा जोरकस प्रमोटर. म्हणजे दोन आठवडे तुम्ही नकळत एकाच गोष्टीची निवड करत होतात: ज्या पेशीत प्युरोमायसिनचं जनुक चालू आणि पी५३ बंद, ती जगणार. दोन्ही वेगळ्या प्रमोटरवर असल्यामुळे हे सहज जमतं. आखूड बँडच्या दोन कॉलन्यांत जनुकाचा तुकडा उडालाय. लेन्टीव्हायरसचं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज नक्कल करताना साचा बदलतं, तेव्हा असं होऊ शकतं. बाकी पाचांत प्रमोटर मिटला असेल किंवा कुठेतरी म्युटेशन असेल. त्यांचं सिक्वेन्सिंग कराच. डीओ-१ ही प्रथिनाच्या सुरुवातीचा, २० ते २५ क्रमांकांच्या अमिनो आम्लांचा भाग ओळखते. तेवढाच भाग गेला असेल तर उरलेलं प्रथिन असूनही दिसणार नाही, म्हणून शेवटाकडचा भाग ओळखणारी दुसरी अँटीबॉडीही एकदा लावून पाहा.

२९३टी पेशी का मेल्या नाहीत, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. त्यांच्यात एसव्ही४० या विषाणूचा लार्ज टी अँटीजन (एक प्रथिन) आहे आणि तो पी५३ ला धरून निकामी करतो. १९७९ मध्ये पी५३ सापडलं तेच मुळी या टी अँटीजनला चिकटलेलं प्रथिन म्हणून. म्हणून विषाणू बनतो चांगला आणि अडचण पुढे एच१२९९ मध्ये दिसते.

एमओआय वाढवू नका. उलट कमी करा, साधारण ३० टक्के पेशीच इन्फेक्ट होतील इतका. म्हणजे इन्फेक्ट झालेल्या बहुतेक पेशींत एकच प्रत जाईल.

आता वाहक कोणता घ्यायचा. आधी स्वतःला विचारा, पी५३ तुम्हाला किती तास हवं आहे? स्क्रॅच अ‍ॅसे २४ तासांत संपतो. तेवढ्यासाठी स्टेबल लाइन लागतच नाही, अ‍ॅडिनोव्हायरस पुरतो. तो जिनोममध्ये शिरत नाही, एक-दोन दिवसांत जवळजवळ सगळ्या पेशींत भरपूर प्रथिन देतो आणि विभाजनाबरोबर विरळ होत जातो. एच१२९९ मध्ये तो व्यवस्थित शिरतो. चीनने २००३ मध्ये गेंडिसीन नावाचं जे औषध मंजूर केलं, ते पी५३ वाहणारा अ‍ॅडिनोव्हायरसच आहे. कंट्रोल म्हणून त्याच एमओआयचा रिकामा अ‍ॅडिनो हवाच, कारण हा विषाणू स्वतःही पेशींना डिवचतो. एएव्ही या तिसऱ्या विषाणूवाहकाच्या वाटेला मात्र जाऊ नका, विभाजित होणाऱ्या पेशींत त्याचा फार उपयोग नाही.

उंदरांच्या कामाला अ‍ॅडिनो पुरणार नाही. तिथे लेन्टीच, पण टेट-ऑन: डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक दिलं तरच पी५३ चालू. क्लोन बंद अवस्थेत वाढवा, नंतर उंदरांच्या पिण्याच्या पाण्यातून डॉक्सिसायक्लिन द्या. दोन ठिकाणी लोक फसतात. साध्या एफबीएसमध्ये (पेशी वाढवायच्या सीरममध्ये) त्याच गटातल्या टेट्रासायक्लिनचा अंश असू शकतो, मग प्रमोटर गळतो, म्हणजे औषध न देताच थोडा चालू होतो, आणि तुमच्या त्या सात कॉलन्यांची गोष्ट पुन्हा घडते. टेट-फ्री एफबीएसच घ्या, महाग असलं तरी. दुसरं, डॉक्सिसायक्लिन स्वतः मायटोकाँड्रियातलं प्रथिननिर्माण मंदावतं, म्हणून रिकाम्या व्हेक्टरच्या पेशींनाही तितकंच डॉक्सिसायक्लिन द्या.

आणि स्क्रॅचबद्दल. पी५३ ने विभाजन थांबलं तरी ओरखडा उशिरा बुजतो. परीक्षक हे विचारणारच. सीरम कमी ठेवा, २४ तासांच्या पुढे जाऊ नका आणि शेजारी ट्रान्सवेल (सच्छिद्र पडद्यातून पेशी सरकण्याची चाचणी) लावा. आर१७५एच हे पी५३ चं निकामी म्युटंट त्याच व्हेक्टरमध्ये घालून तिसरा कंट्रोल ठेवलात तर फार बरं.

प्रतिसाद ३

वरच्या सगळ्याशी सहमत. एकच भर घालतो: ए५४९ या फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या पेशींत मूळचं धड पी५३ असतं. त्यांना डॉक्सोरुबिसिन (पी५३ जागं करणारं कर्करोगाचं औषध) देऊन तो नमुना तुमच्या नमुन्याशेजारी एकाच जेलवर चालवा. तुमचा बँड त्याच्या कितीतरी पट असेल तर तुम्ही पाहताय तो परिणाम नैसर्गिक पातळीचा नाही, आणि ते प्रबंधात स्पष्ट लिहायला हवं. शिवाय व्हेक्टर बदलताय तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडे सुधारित अर्ज आत्ताच टाका. लेन्टीची मंजुरी अ‍ॅडिनोला आपोआप लागू होईल असं धरून चालू नका, आणि यात महिना सहज जातो.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आठ महिने मी स्वतःच्या हातांना दोष देत होते. प्रतिसाद २ वाचल्यावर पुन्हा त्या जुन्या डिशचे फोटो काढून पाहिले. पेशी आधी चपट्या होऊन पसरल्यात आणि मग सुटल्यात. विभाजन थांबल्याची खूण तिथेच होती, मला ती वाचता आली नाही.

गाइडशी आज बोलले, त्यांना पटलं. समितीचा अर्ज उद्या देते आहे. सादरीकरणात सात कॉलन्यांचा पीसीआर आणि सिक्वेन्सिंग दाखवेन, टेट-ऑनचं क्लोनिंग सोमवारपासून.

एवढंच सांगा, टेट-ऑनमध्ये आरटीटीए (डॉक्सिसायक्लिन मिळालं की प्रमोटर चालू करणारं प्रथिन) आणि पी५३ एकाच प्लास्मिडवर घेऊ की आरटीटीएची लाइन आधी वेगळी करून घेऊ?

प्रतिसाद २

आधी आरटीटीएची लाइन. ती एकदा नीट तपासून गोठवली की आर१७५एच आणि रिकामा व्हेक्टर त्याच पेशींत घालता येतात, तुलना सरळ होते. फक्त दुसऱ्या व्हेक्टरला वेगळं सिलेक्शन (निवडीचं औषध) ठेवा. एकावर प्युरोमायसिन असेल तर दुसऱ्यावर ब्लास्टिसिडिन.