६ मिमीचाच पॉलिप होता, तरी वर्षाच्या आत पुन्हा कोलोनोस्कोपी?

विणकराची लेक
वडील ६१ वर्षांचे, सगळा जन्म अक्कलकोट रोडला चादरीच्या मागावर गेला. संडासवाटे रक्त पडायचं म्हणून गेल्या आठवड्यात सोलापुरातच कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, केली. सिग्मॉइडमध्ये, म्हणजे आतड्याच्या शेवटाकडच्या वळणात, ६ मिमीचा पॉलिप (अस्तरावरची छोटी वाढ) सापडला, तिथल्या तिथे स्नेअरने, म्हणजे तारेच्या फासाने, काढला. बायोप्सीत ट्युब्युलर अडेनोमा, म्हणजे पॉलिपचा एक प्रकार, लो ग्रेड (पेशींतला बदल सौम्य). कॅन्सर नाही. तरी डॉक्टर वर्षाच्या आत परत या म्हणतात. रिपोर्टवर ‘पॅरिस वन-एस’ आणि ‘बोस्टन १+२+२’ लिहिलंय. रात्रभर झोप नाही मला.

होटगी रोडकर
माझ्या मेव्हण्याचे असेच दोन बारीक पॉलिप काढले. त्याला आठ वर्षांनी या म्हणाले. दुसऱ्या डॉक्टरला दाखवा.

स्कोपरूम सिस्टर
ताई, मी बारा वर्षं स्कोपच्या खोलीत नर्स आहे. वन-एस म्हणजे देठ नसलेला उंचवटा, त्याला घाबरू नका, तो निघालाय. बघायचा आकडा आहे बोस्टनमधला पहिला, उजव्या भागाचा १. आतडं किती साफ होतं त्याचे ते गुण : उजवा, मधला, डावा भाग, प्रत्येकी ० ते ३. एका जरी भागाला २ पेक्षा कमी मिळाले तर तपासणी अपुरी धरतात, म्हणून वर्षाच्या आत परत बोलावलंय. मेव्हण्यांचं आतडं साफ असणार, दादा. तसं असेल तर १-२ लहान अडेनोमांना पुढची तपासणी ७ ते १० वर्षांनी चालते.

आणि उजवीकडेच सेरेटेड, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली करवतीच्या दातांसारखे दिसणारे, पॉलिप लपतात. चपटे, रंग अस्तरासारखाच, वर चिकट थर. पाणी मारून धुवावं तेव्हा कडा दिसते. स्कोप मागे घेताना निदान सहा मिनिटं नुसतं बघण्यात घालवायची असतात, पण वर गाळ असला तर कितीही बघा. आधी काय जेवले होते?

विणकराची लेक
कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. त्याशिवाय त्यांना जेवल्यासारखंच वाटत नाही. औषधाचं पाणी मळमळलं म्हणून अर्धंच प्यायले.

स्कोपरूम सिस्टर
मग कळलं. शेंगांचे कण सक्शनच्या नळीत अडकतात, मी स्वतः काढते. पुढच्या वेळी दोन-तीन दिवस आधीपासून भाकरी, शेंगा, पालेभाज्या, बियांची फळं बंद. मऊ भात, ताक चालेल. औषधाचं पाणी अर्धं आदल्या संध्याकाळी, अर्धं तपासणीच्या दिवशी पहाटे, घोट घोट. सगळं संपलंच पाहिजे. काकांना शुगरच्या किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा, मनाने बंद करू नका.