टार्गेटिंग नाही तर मग काय होतं ते?

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या त्या न दिलेल्या टार्गेटिंगवर (बेसावध खेळाडूच्या डोक्यावर जोरात आदळण्याचा फाउल) लोक म्हणतात, "रिप्ले बघूनच निर्णय दिला, आता रडून काय उपयोग", हे काही पटलं नाही राव. २०२५ च्या १ जानेवारीचा पीच बोल, म्हणजे ॲरिझोना स्टेट विरुद्ध टेक्सस हा प्लेऑफचा सामना, स्कोअर २४-२४, मिनिटभर उरलेलं, ॲरिझोना स्टेटचा रिसीव्हर (पास झेलणारा) स्टोव्हल, त्याने कॅच घेतला न घेतला तोच टेक्ससच्या सेफ्टीचं (मागे उभ्या बचावपटूचं) हेल्मेट धाडकन त्याच्या हेल्मेटवर! रिसीव्हर बेसावध, मार डोक्याला, पण नियमाला वर एखादं 'लक्षण' पण लागतं, म्हणजे झेप घेतली किंवा डोकं खाली घातलं असं काहीतरी, आणि सगळा घोळ तिथेच, एकाला झेप दिसते दुसऱ्याला नुसतं टॅकल. कॉल दिला असता तर १५ यार्ड आणि फर्स्ट डाऊन (नव्याने चार प्रयत्न), इथे पंट करावा लागला, म्हणजे लाथ मारून बॉल टेक्ससला देऊन टाकला. मग टेक्ससची गोलसाठीची किक खांबाला लागली म्हणून ओव्हरटाइम तरी मिळाला, शेवटी ॲरिझोनावाले हरले ३९-३१.