हॉलंडमध्ये मुलाच्या मोटरबोटीवर राहायचंय, पाणी-संडास-स्वयंपाकाचं कसं करतात?

दांडियाबाजारची_माई
नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहितेय. मुलगा हॉलंडमध्ये असतो, फ्रीसलंडच्या बाजूला. त्याने यंदा जुनी मोटरबोट घेतलीय, लोखंडी, अकरा मीटर लांब, डिझेल इंजिन, आत दोन केबिन, किचन, संडास-बाथरूम सगळं आहे म्हणतो. भाड्याचं घर सोडून आता तिच्यावरच राहतो आणि आम्हाला म्हणतो एप्रिलमध्ये या, ऑक्टोबरपर्यंत राहा, कालव्यांतून फिरू. आमचे हे रिटायर झालेत, सकाळ-संध्याकाळ यूट्यूबवर बोटीच बघत असतात त्यामुळे त्यांचा होकार कधीच गेलाय. माझा होडीशी संबंध म्हणजे चांदोदला संगमावर जाते तेवढाच. पाणी किती दिवस पुरतं, संडासाचं जातं कुठे (नदीतच सोडतात का??), कुकर लावता येतो का, फोडणीचा धूर, कपडे कुठे वाळवायचे, आणि माझे गुडघे. मुलाला विचारलं की "होतं गं आई सगळं", हे काय उत्तर झालं का. कोणी प्रत्यक्ष राहिलं असेल तर सांगा.

नीलेश_रॉटरडॅम
माई, बोटीचं नंतर, आधी व्हिसा. व्हिजिटर व्हिसावर शेंगेनमध्ये (हॉलंड धरून युरोपातले बरेच देश) कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, त्यात उतरल्याचा आणि निघाल्याचा दिवसही धरतात. म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर एका दमात जमणारच नाही. मी असतो तर मेच्या मध्यावर येऊन ऑगस्टच्या दहा-बारा तारखेपर्यंत राहिलो असतो, एप्रिलमध्ये इथे पाण्यावर रात्री बडोद्याच्या जानेवारीपेक्षा जास्त थंडी असते. मुलाला हेही विचारा की त्याने राहण्याचा पत्ता कुठला नोंदवलाय, कारण खूप मरीनांमध्ये (बोटी बांधून ठेवायचे धक्के) बोट ठेवायला परवानगी असते पण बारा महिने राहायला नसते.

आता संडास. नदीत सोडत नाहीत, २००९ पासून इथे करमणुकीच्या बोटींना बंदीच आहे. बोटीत वेगळी टाकी असते, भरली की मरीनातल्या सक्शन पंपावर पाइप लावून उपसायची. इथेच आपल्या लोकांची गंमत होते, कारण जेट स्प्रे लावला की प्रत्येक वेळी दोन-तीन लिटर पाणी टाकीत जातं आणि आठवड्याची टाकी चार दिवसांत भरते. सरळ टमरेल ठेवा, मापात राहतं. कागद, वाइप्स, केस काहीही आत टाकायचं नाही, पंप अडकला तर तो खोलायचं काम बोटीवरच्या माणसालाच करावं लागतं आणि तो माणूस बहुतेक तुमचे हेच असणार.

पाण्याची टाकी या साइजच्या बोटीत साधारण तीनशे-चारशे लिटरची असते. शॉवरमधून मिनिटाला सात-आठ लिटर जातं, म्हणजे आठ मिनिटांच्या अंघोळीत साठ लिटर, आणि आपली बादली पंधरा लिटरची! तीन माणसं बादलीने अंघोळ करत असतील तर तीन-चार दिवस आरामात. भरायला धक्क्यावर नळ असतो, कधी नाण्याचा कधी कार्डाचा. उन्हात पडलेल्या पाइपातलं पाणी आधी वाहू द्यायचं, मग टाकीत सोडायचं.

मांजलपूर_दीपक
काकू हॉलंड कशाला, इथेच बोट घ्या. ऑगस्ट २०२४ ला पुरात विश्वामित्री नदी अर्ध्या गावाच्या दारात आलीच होती, फक्त मगरींना पार्किंगचे पैसे द्यावे लागतील 😄

चीफ_इंजिनियर_निवृत्त
दीपकभाई जरा शांत. वहिनी, मी आयुष्यभर मोठ्या जहाजांवर होतो, छोट्या बोटी मित्रांच्या बघितल्यात, पण नियम तेच.

गॅस. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, घरात लीक झाला तर खिडकी-दारातून थोडा तरी निघून जातो पण बोटीत तो तळाशी जाऊन बसतो, तिथून आपोआप निघायला वाट नसते आणि तिथेच वायरिंग असतं, पंप असतो. म्हणून सिलिंडर आत कधीच नाही, बाहेर वेगळ्या पेटीत, आणि त्या पेटीला तळाशी भोक असून ते बोटीबाहेर उघडलं पाहिजे. पोचल्यावर पहिल्या दिवशी मुलाला ते भोक दाखवायला सांगा. सोबत गॅसचा अलार्म तळाशी, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या केबिनमध्ये. रबरी नळीवर तारीख असते ती वाचा. रात्री झोपताना कॉक बाहेरून बंद.

कुकर खुशाल लावा, पण बोट चालू असताना नाही. शेजारून मोठी मालबोट गेली की लाट येते, गरम तेल असलेली कढई तर अजिबात नको.

नीलेश_रॉटरडॅम
साहेब, गॅस काढून इंडक्शन बसवलं तर? मी तेच केलंय, डोक्याला ताप नाही.

चीफ_इंजिनियर_निवृत्त
तुम्ही मरीनात बांधून राहत असाल तर ठीक. हिशोब करा ना. २००० वॅटची शेगडी १२ व्होल्टच्या बॅटरीतून इन्व्हर्टरने चालवली तर १७०-१८० अँपिअर खेचते. लेड अॅसिडची ४०० अँपिअर-अवरची बँक असली तरी अर्ध्याखाली उतरवायची नसते, म्हणजे कागदावरसुद्धा तासाच्या आसपास आणि खरं तर त्याहून कमी, कारण जोरात खेचलं की बॅटरी आणखी कमी देते. त्यात डाळ शिजेल, पोळ्या राहतील. लिथियम असेल तर गोष्ट वेगळी. आणि धक्क्यावरचं कनेक्शनसुद्धा बघून घ्या, कित्येक ठिकाणी ६ अँपिअरचंच असतं, ६ गुणिले २३० म्हणजे १३८० वॅट, शेगडी फुल केली की ट्रिप. मी तर दोन्ही ठेवा म्हणेन.

फत्तेगंज_स्मिता
माई, मी लेकीकडे बोटीवर राहून आलेय, तिची नदी वेगळी होती पण घरकाम तेच. मसाल्याची भांडी सिंकमध्ये थेट धुवायची नाहीत, आधी कागदाने तेल पुसायचं, नाहीतर बारीक पाइपात तेल थिजून बसतं आणि मग तो वास कुठून येतोय ते सगळे शोधत बसतात. हळद पांढऱ्या पत्र्याला आणि फॉर्मायकाला लागली की गेली, फोडणीच्या वेळी छताचं झाकण उघडं ठेवा आणि मागे जुना टॉवेल लावा.

खरा त्रास ओलीचा. श्वास, चहा, कुकरची वाफ, सगळं पाणी रात्री थंड पत्र्यावर जमतं आणि गादीच्या खालून बुरशी धरते. गादी रोज सकाळी उभी करायची, खाली लाकडी पट्ट्यांची जाळी असेल तर उत्तम. आतमध्ये कपडे वाळवू नका, ते पाणीही भिंतीवरच जमणार. मोठे कपडे मरीनाच्या लाँड्रीत.

गुडघ्यांचं मी लपवत नाही. दिवसभर चढउतार आहे, धक्क्यावरून डेकवर, डेकवरून खाली तीन-चार उभ्या पायऱ्या, रात्री बाथरूमला जाताना पुन्हा. उतरताना तोंड पायऱ्यांकडे करून उतरायचं. मुलाला आत्ताच सांगून हँडल बसवून घ्या आणि बिछाना असा निवडा की एकमेकांना ओलांडून उठावं लागणार नाही. आणि डेकवर असताना लाइफ जॅकेट, पोहता येत असलं तरी. हरणी तलावात जानेवारी २०२४ मध्ये शाळेच्या सहलीची बोट उलटून काय झालं ते आपण बडोदेकरांनी बघितलंय, कितीतरी मुलांच्या अंगावर जॅकेटच नव्हतं. याच्यावर ह्यांच्याशी वाद घालावा लागला तर घाला.

दांडियाबाजारची_माई
बादली आणि टमरेल बॅगेत घातलंच समजा 😀 व्हिसाचं मुलाला सांगितलं, तर म्हणतो "अरे हो", म्हणजे बघा. आता एकच, मुलगा सोमवार ते शुक्रवार ऑफिसला जाणार, तेव्हा हे म्हणतात मी एकटाच चालवीन. लायसन्स लागत नाही म्हणे?

नीलेश_रॉटरडॅम
तसं बरोबर आहे, १५ मीटरच्या आतली आणि ताशी २० किलोमीटरच्या वर न जाणारी बोट असेल तर इथे लागत नाही. अशी जुनी लोखंडी बोट तेवढी पळणारच नाही. पण इन्शुरन्समध्ये चालवणारा कोण चालतो ते आधी वाचा. काही पूल जेवणाच्या वेळेत बंद असतात आणि कुठे कुठे पूल उघडणारा माणूस अजून गळाच्या काठीला लाकडी बूट बांधून पैसे मागतो, सुटी नाणी ठेवा.

चीफ_इंजिनियर_निवृत्त
एकट्याने नको, निदान पहिला महिना. लॉकमध्ये (कालव्यातला दरवाज्यांचा हौद, त्यात पाणी वर-खाली करून बोट पुढे सोडतात) एकाने सुकाणू धरायचं आणि एकाने दोर, ते दोघांचं काम आहे. पाणी उतरत असताना दोर पक्का बांधायचा नाही, हाताने सोडत राहायचं, नाहीतर बोट एका बाजूने लटकते. आणि तो दोर हाताला गुंडाळून धरायचा नाही, बोटं जातात.

त्यांना इंजिनची सकाळची ड्यूटी द्या, खूश राहतील. ऑइल, कूलंट, बेल्ट, तळाशी पाणी किती साचलंय, आणि बाहेरचं पाणी घेऊन थंड होणारं इंजिन असेल तर गाळणीतला कचरा. अशा इंजिनला सुरू केल्यावर लगेच मागे जाऊन एक्झॉस्टमधून पाणी पडतंय का ते बघायचं, नसेल पडत तर लगेच बंद. काही डच बोटींना मात्र बंद कूलिंग आणि कोरडा एक्झॉस्ट असतो, त्यात मागून पाणी येतच नाही, तेव्हा कुठलं आहे ते मुलाला आधी विचारा म्हणजे उगाच घाबरणार नाहीत. डिझेल तासाला तीन-चार लिटर धरा, हळू चालवली तर.

दांडियाबाजारची_माई
दोर मी धरेन, सुकाणू यांना. स्मिता, हँडलचं मुलाला आजच कळवते, आणि लाकडी जाळी कुठल्या मापाची करायला सांगू ते जरा लिहिशील का?

फत्तेगंज_स्मिता
माप बोटीवर जाऊनच घ्यावं लागेल माई, तिथले बिछाने एका टोकाला निमुळते असतात. मुलाला वर्तमानपत्रावर आकार कापून त्याचा फोटो मापासकट पाठवायला सांग. आणि दोन पट्ट्यांत दोन-तीन बोटं फट ठेवायला सांग, फार जवळ लावल्या तर हवा खेळत नाही.