पडणारा चेंडू आणि चुकणारा कोड : आधी कागद की आधी आकडे?

शाहूपुरीकर (सातारा) :
गेल्या आठवड्यात संगणक कक्षात एका विद्यार्थ्याने, उंचावरून सोडलेला टेबल टेनिसचा चेंडू हवेच्या रोधासह कसा पडतो, याचा प्रोग्राम लिहिला. दीड सेकंदाच्या आतच चेंडूचा वेग अनंताकडे धावू लागला. काळाचे पाऊल (दोन हिशेबांमधले अंतर) ०.१ सेकंदावरून ०.०००१ वर आणून झाले, तरी रोग तोच.

माझे मत असे की अंत्य वेग, म्हणजे वजन आणि रोध समान होतात तो वेग, कागदावर काढल्याशिवाय कोडला हातच लावू नये. वस्तुमान २.७ ग्रॅम, व्यास ४० मिलिमीटर, गोलाचा रोधगुणांक (आकारानुसार हवेचा रोध किती, ते सांगणारा आकडा) ०.४७ आणि हवेची घनता घनमीटरला १.२ किलोग्रॅम धरली, तर तो सेकंदाला ८.६ मीटर येतो. स्थिर सोडलेला चेंडू त्यापुढे गेला की सूत्रावरच संशय घ्यावा. इथे वरची दिशा धन होती आणि रोध ‘उणे के गुणिले वेगाचा वर्ग’ असा लिहिला होता (के हा स्थिर धन आकडा). वर्ग करताना वेगाचे चिन्ह पुसले जाते, म्हणून पडणाऱ्या चेंडूला हवाही खालीच ढकलत होती. वर्गाच्या जागी वेग गुणिले वेगाचे निरपेक्ष मूल्य (चिन्हाविना आकडा) घालताच चेंडू ८.६ वर स्थिरावला.

हरिपूरकर (सांगली) :
सर, मी सहमत नाही. कागद ‘चुकले आहे’ एवढेच सांगतो. कुठे, ते सांगत नाही. सी भाषेत मी रोधाच्या सूत्रातला अर्धा ‘१/२’ असा लिहिला होता. दोन्ही पूर्णांक असले की सी भागाकारातला अपूर्णांक टाकून देते, त्यामुळे भागाकार शून्य आला आणि हवाच नाहीशी झाली. वहीतले सूत्र मात्र अचूक होते! शेवटी वेळ, वेग, रोध आणि त्वरण असे चार रकाने छापले, तेव्हा रोधाखाली शून्यांची रांग दिसली. तुमच्या विद्यार्थ्यालाही पहिल्या तीन ओळींत त्वरण ९.८, ९.९, १०.३ असे वाढताना दिसले असते.

कासवाटेवरचा (सातारा) :
पावलाला दोघांनीही निर्दोष सोडले, हे पटत नाही. सावरीच्या कापसाचा पुंजका घ्या आणि त्याचा अंत्य वेग सेकंदाला अर्धा मीटर धरा. ०.१ सेकंदाच्या पावलाने पहिला वेग ०.९८ येतो, आणि त्यावरचा रोध इतका मोठा ठरतो की दुसऱ्याच पावलाला पुंजका १.८ च्या वेगाने वर उडतो. चिन्हे बरोबर असूनही!

शाहूपुरीकर :
हे मान्य आहे. ऑयलरच्या साध्या पद्धतीत, म्हणजे आत्ताच्या त्वरणाला पावलाने गुणून वेगात मिळवत जाण्याच्या पद्धतीत, पाऊल साधारणपणे अंत्य वेग भागिले गुरुत्व त्वरण याच्या बरेच आत हवे. कापसासाठी ती मर्यादा ०.०५ सेकंद, आमच्या चेंडूसाठी ०.८८, म्हणून आमचे ०.१ निर्धोक होते. पण ही मर्यादाही अंत्य वेगातूनच निघते, म्हणजे कागदावरूनच.

हरिपूरकर :
गोल चेंडू होता म्हणून ०.४७ हाताशी होता. उद्या कुणी पिंपळाचे पान सोडले, तर ते वळेल तसा रोधगुणांक बदलत जाईल. तेव्हा कागदावर कोणता आकडा मांडणार?