मेबन नवा असला म्हणून खोटा नाही

या चर्चेत वर एकांनी मेबन हा केल्ट लोकांचा (प्राचीन युरोपातले, आयर्लंडमधलेही) हजारो वर्षांचा सण म्हटलाय. तसं नाही. शरदसंपाताच्या या सुगीच्या सणाला ते नाव एडन केली या अमेरिकन पेगनने (ख्रिस्तपूर्व निसर्गपूजक धर्म नव्याने पाळणाऱ्याने) १९७० च्या दशकात दिलं. विक्का या आधुनिक पेगन धर्मातलं आठ सणांचं वर्षचक्रही विसाव्या शतकाच्या मध्यात ब्रिटनमध्ये जुळलं. 'साविन' हा ३१ ऑक्टोबरच्या सुमाराचा, गेलेल्यांच्या आठवणीचा सण मात्र खरंच जुना. आयरिशमध्ये नोव्हेंबरला आजही तेच नाव आहे.

पण नवा सण म्हणजे नाटक, हे मला अजिबात पटत नाही. डब्लिनला होते तेव्हा शेजारच्या बाईंनी ३१ ऑक्टोबरला जेवायला बोलावलं. त्या स्वतःला अभिमानाने विच म्हणवतात (कृपा करून इथे 'चेटकीण' लिहू नका, त्या शब्दापायी आपल्याकडे बायकांचे जीव गेलेत). टेबलावर एक जास्तीची थाळी होती, त्यांच्या गेलेल्या आईसाठी. बटाटा-कोबीचं कोलकॅनन आधी त्या थाळीत वाढलं, मग आम्हाला. जेवण संपेपर्यंत कुणी अवाक्षर बोललं नाही. खिडकीत भोपळा नव्हे, जुन्या आयरिश रीतीने कोरलेला सलगम. आतल्या मेणबत्तीने गर तापून उग्र वास सुटला होता. मला आमच्या घरचं पितृपक्षातलं पान आठवलं आणि घास गिळवेना.

मेलबर्नच्या ताई, तिकडे हे सण कधी करतात असं तुम्ही विचारलंत: तुमच्याकडे शरद मार्चमध्ये सुरू होतो, म्हणून तिथले बरेच पेगन साविन एप्रिलअखेर करतात. ऑक्टोबरात तुमचा वसंत असतो, तेव्हा ते बेल्टेन हा उन्हाळ्याच्या स्वागताचा सण साजरा करतात.