फुटबॉल विश्वचषकासाठी भारताने बोली लावावी का?

पंचवटीकर
अमेरिका-कॅनडा-मेक्सिकोच्या २०२६ च्या विश्वचषकात ४८ संघ, १०४ सामने. तेव्हापासून आमच्या कट्ट्यावर एकच प्रश्न, "आपण कधी भरवणार?" माझं मत विचाराल तर भारताने या फंदात पडू नये.

२०३० च्या स्पर्धेसाठी फिफाने किमान १४ स्टेडियम मागितली होती. साध्या सामन्याला ४०,००० आसनं, उपांत्य फेरीला ६०,०००, सलामीला आणि फायनलला ८०,०००. आपली मोठी स्टेडियम क्रिकेटची. गोल बाउंड्रीपलीकडे बसून फुटबॉल बघणं म्हणजे गच्चीवरून मिरवणूक बघणं. म्हणजे बरीचशी नवीच बांधायची. ब्राझीलने २०१४ साली अॅमेझॉनच्या जंगलातल्या मानौस शहरात असंच एक बांधलं. विश्वचषकाचे सामने तिथे झाले चार, आणि अव्वल लीगमध्ये खेळणारा संघ त्या शहरात तेव्हा नव्हताच.

मिळकतीचं म्हणाल तर टीव्ही हक्क आणि मोठे प्रायोजक फिफाचे. २०१९ ते २०२२ या चार वर्षांत त्यांनी ७५० कोटी डॉलरहून अधिक कमावले. यजमानाने करमाफी द्यायची, पोलीस उभे करायचे, रस्ते करायचे.

आणि इथे नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर रविवारी सकाळी जाऊन बघा. क्रिकेटच्या मॅचमधून फुटबॉलसाठी एक पट्टा मिळाला तर मला कळवा.

डावा_पाय
पंचवटीत राहून हे म्हणताय? सिंहस्थ कुंभमेळा नसता तर आपले अर्धे रिंगरोड अजून नकाशावरच असते. आपल्याकडे तारीख अंगावर आल्याशिवाय सरकारी फाइल हलत नाही, हे नाशिककराला वेगळं सांगायला नको. विश्वचषक ही तशीच तारीख आहे.

आणि लोक येत नाहीत म्हणू नका. २०१७ ला १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक आपल्याकडे झाला, सहा शहरांत ५२ सामने. साडेतेरा लाखांच्या आसपास प्रेक्षक आले, त्या स्पर्धेच्या इतिहासातला तोवरचा सर्वांत मोठा आकडा. आपली पोरं तिन्ही सामने हरली तरी!

हिशेबनीस
सिंहस्थ बोली लावून मिळत नाही हो. तो दर बारा वर्षांनी येणारच, त्यामुळे खर्च टाळता येत नाही. इथे आपण होऊन दुसऱ्याच्या अटींवर सही करायची आहे. आणि तारखेचं कौतुक फार करू नका. सिंहस्थात साधूंच्या मुक्कामासाठीच्या साधुग्रामसाठी तपोवनातल्या झाडांवर कुऱ्हाड येणार म्हटल्यावर लोकांना आंदोलन करावं लागलं. तारीख जवळ आली की कामं होतात, तसं प्रश्न विचारणाऱ्याला "आता वेळ नाही" असंही सांगितलं जातं.

१९८६ चा विश्वचषक कोलंबियाला मिळाला होता. १९८२ साली त्यांनी तो परत केला, परवडत नाही म्हणून. मेक्सिकोत झाला. कोलंबिया पुढे १९९०, १९९४ आणि १९९८ अशा सलग तीन विश्वचषकांना पात्र ठरला, मैदानावर खेळून.

डावा_पाय
छान. आपणही नाकारून बघितलंय की. २०२७ च्या आशिया चषकाची बोली डिसेंबर २०२२ मध्ये मागे घेतली, मोठ्या स्पर्धांपेक्षा तळागाळावर भर द्यायचाय असं सांगून. मग झालं काय? २०२३ मध्ये आपण क्रमवारीत ९९ वे होतो, २०२५ संपता संपता १४२ वे. आपल्या अव्वल लीगचा, आयएसएलचा हंगाम वेळेवर सुरू होईना. सिंगापूरकडून मडगावात हरलो, बांगलादेशकडून ढाक्यात. सौदीतल्या त्या आशिया चषकाला आपण पात्रच नाही. यजमान असतो तर थेट प्रवेश होता.

बोली न लावल्याने वाचलेला पैसा पंचवटीच्या मैदानात येतो, हा तुमचा समज आहे. तो कुठेच येत नाही.

पंचवटीकर
थेट प्रवेश कतारलाही होता. २०२२ ला तिन्ही सामने हरून घरी. घरीच होते म्हणा. 😄

पेठेतला_गोली
कोल्हापूरहून बोलतोय. तुमचं काय चाललंय ते मघापासून वाचालोय. भावांनो, आमच्याकडं कुठला विश्वचषक आला न्हाई, तरी पाटाकडील आणि दिलबहार या तालमींची मॅच असली की शाहू स्टेडियम भरतंय. तालमींनी संघ पोसले, पेठांनी पोरं पोसली. ते २०१७ चं म्हणालाय न्हवं, त्या संघात आमचा अनिकेत जाधव होता. पोरगं तयार झालं ते स्पर्धा आली म्हणून न्हाई, आधीपासून खेळत होतं म्हणून. नाशकात तालमी कमी हाईत का? एखादीनं संघ काढा की.

कॉलेजरोडची_आई
काका, तालमींचं खरंय, पण तालमीत माझ्या मुलीला कोण घेणार? तिच्यासाठी बोलते.

३० ऑक्टोबर २०२२ ला मुलींच्या १७ वर्षांखालील विश्वचषकाची फायनल नवी मुंबईत होती. आधी तिसऱ्या क्रमांकासाठी नायजेरिया-जर्मनी ३-३, पेनल्टीवर नायजेरिया. मग स्पेनने कोलंबियाला १-० हरवलं, तोही स्वयंगोल. कोलंबियाची लिंडा कायसेडो माझ्या लेकीने तिथे डोळ्यांनी पाहिली. पुढच्याच वर्षी तीच लिंडा मोठ्यांच्या विश्वचषकात टीव्हीवर दिसली. घाट उतरून गेलो, मध्यरात्रीनंतर परत आलो, आणि मग "मुली कुठे फुटबॉल खेळतात" हे वाक्य आमच्या घरात कुणी काढलं नाही. सासूबाईंनीही.

शिवाय त्याच वर्षी १५ ऑगस्टला फिफाने आपल्या महासंघाला निलंबित केलं आणि २६ ऑगस्टला निलंबन उठलं. ऑक्टोबरची स्पर्धा डोक्यावर नसती तर इतक्या लवकर मिटलं असतं, असं मला वाटत नाही. स्टेडियम होतं तेच वापरलं, नवीन काही बांधलं नाही. असल्या स्पर्धा मागायला काय हरकत आहे?

हिशेबनीस
ताई, हा मुद्दा मान्य, पण उशीर झालाय. १७ वर्षांखालील मुलांच्या २०२५ ते २०२९ च्या पाचही स्पर्धा फिफाने कतारला देऊन टाकल्या, मुलींच्या पाचही मोरोक्कोला. मोठा विश्वचषक २०३४ ला सौदीत. एका खंडात झाला की पुढचे दोन विश्वचषक त्या खंडाला नाहीत, हा नियम तसाच राहिला तर आशियाची पाळी २०४६ च्या आधी नाही.

डावा_पाय
मग तर वेळच वेळ आहे. जपानची जे-लीग १९९३ ला सुरू झाली, पहिला विश्वचषक खेळले १९९८ ला, भरवला २००२ ला. नऊ वर्षांत.

पंचवटीकर
यातलं पहिलं काय होतं, ते परत वाचा. लीग.

कॉलेजरोडची_आई
तुमचं २०४६ चालू द्या. पुढच्या महिन्यात मुलींच्या सरावाला संध्याकाळी पाच ते सहा मैदान हवंय, गंगापूर रोडच्या बाजूला. कुणाच्या ओळखीतली शाळा असेल तर व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा.