कबड्डीच्या पोरायच्या डोक्याले सेन्सर बांधला, आकडे समजून नाही राह्यले

पीटीवाले_सर (दारव्हा)
नमस्कार मंडळी. गावात पोरायची कबड्डी घेतो. मांगं एका पकडीत रेडरचं डोकं आपल्याच भिडूच्या गुडघ्यावर आदळलं, तोंडावर पाणी मारलं अन् उतरला परत, घरी जाऊन उलट्या. म्हणून भाचा पॉलिटेक्निकले हाय त्याच्याकडून एमपीयू ६०५० चिपवाला धक्का मोजाचा सेन्सर इलॅस्टिकच्या पट्टीत शिवून घेतला, कपाळाले बांधतो. आता गंमत अशी का पोरगा बाजेवर धपकन बसला तरी ९ जी (म्हंजे पृथ्वीच्या ओढीच्या ९ पट) दाखवते अन् पकडीत पाहा त बहुतेक वेळा बरोब्बर १६. जोराची पकड बी १६, साधी बी १६. सेन्सर बिघडला का? अन् किती जीच्या वर पोराले बाहेर काढाचं?

सोल्डरवाला
बिघडला नाही सर, १६ हे त्या चिपचं छप्परच आहे, त्याच्यावर तिला मोजताच येत नाही. ग्राफ काढून पाहा, शेंडा कापल्यासारखा सपाट दिसेल. एडीएक्सएल ३७७ हा सेन्सर घ्या, तो २०० जीपर्यंत जातो, पण एमपीयू काढू नका, त्यातला जायरो डोकं किती जोरात फिरलं ते सांगतो. आणि भाच्याला विचारा सेकंदाला किती रीडिंग घेतो, कारण धक्का काही मिलीसेकंदांचा असतो, सेकंदाला १०० घेत असेल तर खरा शेंडा दोन रीडिंगच्या मधेच निसटतो, हजार तरी पाहिजेत.

फिजिओ_वर्धा
आधी एक बोलू द्या सर, डोक्याला मार लागल्यावर उलटी, गुंगी, वाढती डोकेदुखी, विसरल्यासारखं वागणं यातलं काहीही दिसलं की सरळ दवाखाना, आणि नुसती शंका असली तरी त्या दिवशी खेळ बंद. पाणी मारून परत उतरवायचं नाही. याला सेन्सर लागत नाही.

आता आकडे. बाजेवर बसताना ९ जी येणं काही नवल नाही. १९९४ मध्ये कॅनडात ८ जणांवर हेच मोजलं होतं, खुर्चीत धपकन बसलं की साधारण १० जी, पायरीवरून उडी मारली की ८, खोकला साडेतीन, शिंक ३ च्या आसपास. त्यानं कोणाला काही होत नाही. नुसत्या जीच्या आकड्यावरून इजा कळत नाही, धक्का किती वेळ टिकला आणि डोकं किती झटक्यानं वळलं ते जास्त महत्त्वाचं. गाडगं गर्रकन फिरवलं की आतलं दही मागं राहतं ना, तसंच मेंदूचं, आणि त्या ओढीत पेशी ताणल्या जातात. म्हणून "इतक्या जीच्या वर बाहेर काढा" असा पक्का आकडा कोणीच देऊ शकत नाही.

शिवाय तुमची पट्टी कातडीवर आहे, कातडी कवटीवर सरकते, वरून घाम. तुम्ही बरंचसं पट्टीचंच हलणं मोजताय. म्हणून रग्बीत दातांवर बसणारा सेन्सरवाला माउथगार्ड वापरतात, वरचे दात कवटीला पक्के असतात. २०२४ पासून वर्ल्ड रग्बीनं वरच्या पातळीवर तो आणलाय, मोठा धक्का बसला की मैदानाबाहेरच्या डॉक्टरला लगेच कळतं. पण त्यानंतरही तपासतो डॉक्टरच.

पांदणवाला
सर तो सेन्सर एक दिवस मले बांधा, आमच्या पांदण रस्त्यानं ट्रॅक्टर आणतो, तुमची कबड्डी मांगं पडन 😄 कंबर त गेलीच हाय

सोल्डरवाला
भाऊ ते वेगळं प्रकरण, तिथं एक धक्का नाही, तासन्‌तास थरथर असते, ती सीटवर सेन्सर ठेवून मोजतात. सर, सेन्सरसोबत मोबाइलवर स्लो मोशन शूटिंग करा आणि प्रत्येक शेंडा व्हिडिओशी जुळवा. अर्धे शेंडे पोरानं पट्टी वर सरकवल्याचे निघतील, लिहून ठेवा.

पीटीवाले_सर (दारव्हा)
शूटिंग आजच लावतो. पण ते माउथगार्डचं आमच्यात कसं जमन बाप्पा, रेडरनं "कबड्डी कबड्डी" म्हणाचं कसं? तोंडात ठोकळा असला त अंपायर म्हणन दम तुटला. भाचा म्हणते मी घरीच बनवतो.

फिजिओ_वर्धा
घरी अजिबात नको, त्यात बॅटरी असते, ती पोराच्या तोंडात जाणार आहे. आणि बोलायचं म्हणाल तर दातांच्या डॉक्टरकडून माप घेऊन केलेला साधा माउथगार्ड असेल तर सवयीनं बऱ्यापैकी बोलता येतं, दात तरी वाचतील. पण अंपायरला आधी विचारून घ्या.